पिंटरेस्टवरून कमाई: आधी पान, मग पिन

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की मला फोन यायला लागतात. देवगडहून, राजापूरहून, गुहागरहून. प्रश्न एकच असतो: "आंब्याच्या पिना आता टाकल्या तर चालतील ना?" बागेत तोड सुरू झालेली असते, पडवीत पेट्या रचलेल्या असतात आणि पिंटरेस्टवरचं खातं त्याच दिवशी पहिल्यांदा उघडलेलं असतं. नाही म्हणताना मला खरंच वाईट वाटतं. पण त्या पिनांवरून येणारं गिऱ्हाईक बहुतेक जूनमध्ये येतं आणि तेव्हा झाडावर फळ नसतं.

पिंटरेस्ट ही लोकांनी वाचनखुणा लावून ठेवायची जागा आहे. तिथे लिंक जोडून टाकलेल्या फोटोला पिन म्हणतात, आणि आवडलेल्या पिना एकत्र लावून ठेवायच्या फळीला बोर्ड. पुण्यातली एखादी बाई रात्री समुद्रकाठच्या घराचा फोटो बघते, 'डिसेंबरची सुट्टी' नावाच्या आपल्या बोर्डवर लावून ठेवते आणि पुन्हा उघडते ती घरात सुट्टीची बोलणी सुरू झाल्यावर. म्हणजे पिन टाकण्यात आणि पैसा येण्यात महिन्यांचं अंतर असतं. भातशेती करणाऱ्याला हे नवं नाही. तरवा आधी पेरावा लागतो, लावणीच्या दिवशी पेरून काही होत नाही.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. पिन टाकली, लोकांनी ती पाहिली, म्हणून पिंटरेस्ट आपल्याला पैसे देत नाही. 'क्रिएटर रिवॉर्ड्स' नावाची त्यांची एक योजना होती, तीही 2022 मध्ये बंद झाली. पिन माणसाला जिथे नेऊन सोडते, तिथे पैसा मिळतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

1. पैसा कशाचा, ते आधी ठरवा

एका खात्यावर एकच मुख्य कमाई धरा. कोकणात बसून करता येण्यासारखे मार्ग मला पाच दिसतात.

पहिला, आपला माल: आंबा, काजू, आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सावंतवाडीची लाकडी खेळणी. दुसरा, आपलं घर: होमस्टे, जेवण, सहली. तिसरा, ॲफिलिएट, म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूची लिंक देऊन विक्रीमागे कमिशन घेणं. चौथा, स्वतःचा ब्लॉग आणि त्यावरच्या जाहिराती. पाचवा, इतरांची खाती सांभाळून महिन्याचे पैसे घेणं.

माझं मत विचाराल तर ज्याच्याकडे माल किंवा घर आहे, त्याने पहिल्या दोनांतच राहावं. हिशोब साधा आहे. समजा दीड हजाराच्या बॅगेवर पाच टक्के कमिशन मिळालं, तर हातात आले 75 रुपये. तेवढ्याच मेहनतीत आलेल्या एका पाहुण्याने दोन रात्री मुक्काम केला तर किती सुटतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्याच्याकडे विकायला काहीच नाही पण फोटोचा हात चांगला आहे, त्या मुलामुलींसाठी पाचवा मार्ग उत्तम. आपल्या वाडीतलीच दोन घरं सांभाळायला घ्या.

तपासा: "माझ्या पिनवर टिचकी मारणारा माणूस शेवटी मला कशाचे पैसे देणार?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

2. पिन जिथे पोचवते ते पान बांधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिल्या वर्षी मी स्वतः एका रात्रीत चाळीस पिना टाकल्या आणि सगळ्यांना इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलची लिंक दिली. माणसं आली, तिथे दर नाही, पेटीत किती डझन ते नाही, कुठे पाठवतो ते नाही. ती परत गेली. एकही पेटी गेली नाही.

थेट व्हॉट्सॲपची लिंकही देऊ नका. अनोळखी माणूस दर कळल्याशिवाय बोलायला कचरतो. आधी पान, आणि पानाच्या तळाशी व्हॉट्सॲपचं बटण.

स्वतःची वेबसाइट असेल तर उत्तम, नाहीतर ब्लॉगरवर फुकट पान होतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र पान हवं. आंब्याच्या पिनवरून आलेल्या माणसाला होमस्टेची खोली दाखवू नका.

आंब्याच्या पानावर काय काय हवं ते जरा सविस्तर सांगतो. पेटी किती डझनाची आणि फळाचं साधारण वजन किती. फळ तयार पाठवता की कच्चं. कच्चं असेल तर घरी ते कसं ठेवायचं: पेंढ्यात किंवा कागदात, हवेशीर जागी, फ्रिजमध्ये नाही. कुठल्या शहरांत पाठवता आणि पार्सलचा खर्च दरात धरला आहे की वेगळा. आणि एक गोष्ट बहुतेक जण लिहायचं टाळतात: फळात साका निघाला तर काय करणार? बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापल्यावर आत पांढरट आणि आंबूस निघतं, तेव्हा शहरातल्या गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. "कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त देऊ" किंवा "तेवढे पैसे परत" यातलं जे जमेल ते स्पष्ट लिहा. त्या एका ओळीने गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

होमस्टेच्या पानावर दर, जेवणाचे दर वेगळे, ॲडव्हान्स किती, रद्द केल्यास किती परत, समुद्र चालत किती मिनिटांवर, गाडी अंगणापर्यंत येते का आणि मोबाइलला रेंज कुठल्या कंपनीची, हे लिहा. रेंज नसेल तर नाही म्हणून सांगा.

सावधान: 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ते नाव ठरलेल्या भागातल्या मालालाच लावता येतं. कोकम आणि वेंगुर्ल्याच्या काजूलाही ते आहे. मानांकनाचं चिन्ह वापरायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंद हवी. बाग राजापुरात आणि पानावर 'देवगड' असंही करू नका. आगळ, लोणचं, आमसुलं असे खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी क्रमांक पानावर आणि पाकिटावर हवा.

तपासा: पान घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. दर सापडायला किती वेळ लागला? व्हॉट्सॲपचं बटण चालू नंबरवर जातं का? नंबर बदलल्यावर बटण बदलायचं राहिल्यामुळे माझ्या ओळखीच्या एका घराचा दिवाळीचा अख्खा हंगाम हातचा गेला.

3. खातं, साइटवर दावा आणि बोर्ड

खातं बिझनेसचं उघडा. ते फुकट आहे आणि आकडे त्यातच दिसतात. जुनं वैयक्तिक खातं असेल तर सेटिंगमधून बदलून घेता येतं. नावात काम आणि गाव दोन्ही येऊ द्या. नुसतं 'साई कृपा' लिहिलंत तर तुम्ही काय करता आणि कुठे, ते कोणालाच कळणार नाही.

मग साइटवर दावा करा, म्हणजे ही साइट माझी आहे हे पिंटरेस्टला दाखवून द्या. सेटिंगमध्ये एक छोटा टॅग, म्हणजे कोडची एक ओळ, मिळते. ब्लॉगरवर थीममध्ये जाऊन एचटीएमएल उघडायचं आणि वरच्या हेड भागात तो टॅग चिकटवायचा. कॉपी करताना टॅगच्या शेवटची तिरकी रेघ गळली तर ब्लॉगर तो घेत नाही. "होत नाही हो" म्हणून येणाऱ्या फोनांपैकी निम्मे त्या एका रेघेचे असतात. थीमला हात लावण्याआधी तिची प्रत उतरवून ठेवा.

सुरुवातीला पाच-सहा बोर्ड पुरेत. 'माझे फोटो' हे नाव चालणार नाही. 'तारकर्ली होमस्टे', 'कोकणी शाकाहारी पदार्थ', 'आंबोलीतला पावसाळा' अशी नावं ठेवा. लोक शोधताना असंच टाइप करतात.

4. लोक काय टाइप करतात ते वहीत उतरवा

पिंटरेस्टवर शोध शब्दांवर चालतो, म्हणून हे काम पिना करण्याआधीचं. शोधाच्या चौकटीत एक शब्द टाका आणि खाली काय काय सुचवलं जातं ते लिहून काढा.

कोकणचं इंग्रजी स्पेलिंग लोक दोन तऱ्हांनी करतात, मधला एन घालून आणि न घालता. दोन्ही वापरा, वेगवेगळ्या पिनांवर. मुंबईतलं मराठी घर 'हापूस' शोधतं, बेंगळुरूतलं 'अल्फान्सो' शोधतं. सोलकढीची कृती मराठीत, इंग्रजी लिपीतल्या मराठीत आणि सरळ इंग्रजीत, अशी तिन्ही प्रकारे शोधली जाते. पुण्या-मुंबईबाहेरचा पाहुणा गावाचं नाव शोधत नाही. तो 'शांत समुद्रकिनारा', 'मुंबईहून गाडीने दोन दिवस' असं शोधतो. तेव्हा गावाच्या नावाबरोबर हे शब्दही हवेत.

वीस-पंचवीस शब्दप्रयोग जमले की थांबा.

5. फोटो

फोटो उभा हवा. 1000 बाय 1500 पिक्सेल, म्हणजे दोनास तीन हे प्रमाण. आडवा फोटो फोनच्या पडद्यावर पट्टीएवढा दिसतो आणि बोट त्याच्यावरून पुढे सरकतं.

एक उदाहरण जवळून सांगतो. मे महिन्यात अंगणात आमसुलं वाळत घातलेली असतात. बहुतेक जण उभ्या उभ्या, भर दुपारी, वरून फोटो काढतात. त्यात काळपट चकत्यांचा ढीग दिसतो, दुसरं काही नाही. तोच फोटो सकाळी आठच्या सुमारास, कललेल्या उन्हात, उकिडवं बसून घ्या. रसात बुडवून नुकत्याच पसरलेल्या साली ओल्या असतात, कडेला लालबुंद चकाकतात. बाजूला रसाचं भांडं राहू द्या आणि रसाने रंगलेला एक हात चौकटीत येऊ द्या. हे घरचं आहे, एवढं त्या हातावरूनच कळतं. त्या ढिगाला कोणी खूण लावत नाही. हा फोटो लावला जातो, हे मी माझ्याच खात्यावर पाहिलं आहे.

फोटोवर चार-पाच शब्द मोठ्या अक्षरात लिहा: 'घरचं आगळ कसं करतात', 'अंगणातून समुद्र'. अक्षरं वरच्या भागात ठेवा आणि फोनवर हात लांब धरून वाचून बघा.

सावधान: दुसऱ्याचा फोटो उचलू नका, शोधात सापडला तरी. मालकाने तक्रार केली की पिन काढली जाते, आणि तक्रारी साठत गेल्या तर खातं जातं. मासळी बाजारातल्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्या तिथे त्यांच्या कामावर असतात.

6. पिन लिहिणं

शीर्षकाला 100 अक्षरांची जागा असते, पण यादीत सुरुवातीची चाळीसच नीट दिसतात. म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे. 'आमच्याकडे या आणि अनुभवा निसर्गरम्य…' यातली चाळीस अक्षरं फुकट गेली. 'वेळणेश्वर होमस्टे, समुद्र 3 मिनिटांवर' यात सगळं आलं.

वर्णन दोन-तीन सरळ वाक्यांत लिहा, वहीतले शब्द त्यात सहज बसवा. हॅशटॅगची माळ नको. लिंक त्या-त्या पानाचीच द्या, पूर्ण द्या, छोटी करून नको. कुठे जाणार ते दिसत नाही अशा लिंकवर माणूस बिचकतो आणि पिंटरेस्टही त्या स्पॅममध्ये धरू शकतं.

एका पानासाठी चार-पाच वेगळ्या पिना करा. फोटो वेगळा, शीर्षक वेगळं, पान तेच. एकच पिन पुन्हा पुन्हा टाकणं वेगळं आणि हे वेगळं.

तपासा: पिन प्रसिद्ध झाल्यावर तिच्यावर स्वतः टिचकी मारा. बरोबर पान उघडतं का?

7. हंगामाच्या किती आधी

मी तरी निदान दोन-तीन महिने आधी धरतो, आणि आंब्याला त्याहून जास्त.

आंबा: डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या फोटोंपासून सुरुवात. फेब्रुवारीत पेटी, दर आणि आगाऊ नोंदणी. पाडव्याला नोंदणीची वही उघडलेली हवी, पिना त्याच्या फार आधीच्या.

आगळ आणि सोलकढी: फेब्रुवारी-मार्च. उन्हाळा चढण्याआधी.

आंबोली, धबधबे, पावसाळी मुक्काम: एप्रिल-मे.

गणपती, मोदक, सजावट: जूनपासून.

दिवाळी आणि नाताळची सुट्टी: ऑगस्ट-सप्टेंबर. गणपतीच्या गडबडीत हेच राहून जातं आणि डिसेंबरच्या खोल्या रिकाम्या पडतात. गणपतीला घरी आलेल्या चाकरमान्यांकडून फोटो काढून घ्या. चांगला कॅमेरा त्यांच्याच खिशात असतो.

रोज एक-दोन पिना पुरेत. संगणकावरून तारीख लावून ठेवता येते, म्हणून रेंज आणि वीज दोन्ही असतील त्या दिवशी आठवड्याचं काम एकदम उरका. चाळीस पिना एका रात्रीत टाकून मग तीन महिने गप्प बसणं, ही माझी चूक तुम्ही करू नका.

सावधान: पिन वर्षभर फिरत राहते, म्हणून पानावर हंगाम लिहा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तारकर्लीचं स्कूबाही बंद असतं. ताज्या सुरमईच्या ताटाचा फोटो बघून जुलैत आलेला पाहुणा नाराज होऊन जातो आणि ती नाराजी चार ठिकाणी लिहून ठेवतो.

8. ॲफिलिएट आणि जाहिराती, ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी

ॲमेझॉनच्या असोसिएट कार्यक्रमात नाव घालताना आपलं पिंटरेस्ट खातं तिथे नोंदवावं लागतं. पहिल्या 180 दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. म्हणून पिनांवर लोक यायला लागल्यावरच अर्ज करा. पाटा-वरवंटा, मोदकपात्र, पावसाळी चपला, कोरडी राहणारी बॅग अशा आपण स्वतः वापरलेल्या वस्तूच घ्या.

कमिशन मिळतं हे प्रत्येक पिनवर लिहा, सुरुवातीलाच, समजेल अशा शब्दांत. 'ही जाहिरात आहे, विक्रीवर मला कमिशन मिळतं' एवढं पुरतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. गावातला छोटा माणूस म्हणून यातून सुटका नाही.

ब्लॉगवर जाहिराती घ्यायच्या असतील तर गूगलचं ॲडसेन्स मराठी पानांना चालतं. त्यात कमाई 10 डॉलरवर पोचली की पत्ता पडताळायला गुप्त क्रमांकाचं पत्र साध्या टपालाने येतं. पत्त्यात वाडी, पोस्ट, तालुका आणि घरातल्या कर्त्या माणसाचं नाव, आपला पोस्टमन ओळखतो तसं लिहा. पोस्टमनला आधी सांगून ठेवा. पैसे मात्र 100 डॉलर जमल्याशिवाय निघत नाहीत.

9. आकडे कुठले बघायचे

'इम्प्रेशन' बघून हुरळू नका. पिन पडद्यावर आली, एवढाच त्याचा अर्थ. 'सेव्ह' म्हणजे खुणा लावल्या गेल्या, ते पुढच्या हंगामाचं बियाणं. 'आउटबाउंड क्लिक' म्हणजे माणूस तुमच्या पानापर्यंत आला. महिन्यातून एकदा हे दोन आकडे वहीत लिहा.

सेव्ह भरपूर आणि क्लिक नाहीत, तर फोटो चांगला आहे पण पुढे काय मिळणार ते शीर्षकात येत नाही. क्लिक आहेत आणि फोन नाहीत, तर दोष पानात आहे. दुसऱ्या पायरीकडे परत जा. आणि फोन आला की प्रत्येकाला विचारा, "आमचा पत्ता कुठून मिळाला?" उत्तर बुकिंगच्या वहीत नावासमोर लिहा. हिशोबाचं इतकं सोपं आणि इतकं खरं साधन दुसरं नाही.

सहा महिने तरी द्या. त्याआधी बंद केलंत तर पेरलेलं उगवलं का, ते बघायलाच कोणी थांबलं नाही असं होतं.

10. फसवणूक आणि कागद

"पिना सेव्ह करा, दिवसाला हजार रुपये मिळवा" असे निरोप टेलिग्रामवर आणि व्हॉट्सॲपवर येतात. पहिल्या दिवशी शे-दोनशे रुपये खरोखर जमा करतात, मग 'मोठं काम' देण्यासाठी आपल्याकडून पैसे भरून घेतात आणि ते परत येत नाहीत. सेव्ह करण्याचे पैसे पिंटरेस्ट कोणालाही देत नाही. पैसे गेलेच तर लाजू नका, वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. फॉलोअर विकत घेणं आणि 'तू माझी सेव्ह कर, मी तुझी करतो' असले गटही टाळा. त्यात खातं जातं.

कमाई खात्यात आली की ती उत्पन्नात दाखवायची. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, पण बाटलीबंद किंवा डबाबंद माल राज्याबाहेर पाठवणार असाल तर आधी कर सल्लागाराला विचारा, कारण तिथे नुसत्या मालविक्रीला असलेली 40 लाखांची सूट धरून चालत नाही. होमस्टेची पर्यटन विभागाकडे निवास-न्याहारी योजनेत नोंद करून घ्या आणि नोंदणी क्रमांक पानावर टाका.

शेवटचं काम महिन्यातून एकदा करायचं आहे, पण ते आजपासून सुरू करा. डेलिशस ही वाचनखुणांची एके काळची मोठी सेवा 2017 मध्ये विकली गेली आणि त्यात नवं काही साठवणंच थांबलं. पॉकेट ही तशीच दुसरी सेवा 2025 च्या जुलैत बंद झाली. म्हणून सगळे मूळ फोटो वेगळ्या ड्राइव्हवर उतरवा आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव आणि नंबर, त्यांची परवानगी घेऊन, कागदाच्या वहीत लिहा. यंदाच्या तोडीआधी त्या वहीतल्या लोकांना पहिला निरोप जाऊ द्या.